टायफून कसा तयार होतो आणि त्याने पूर कसा येतो, आठ वर्षांच्या मुलीला कसं समजावू?

मुठाकाठची
नमस्कार मंडळी, पोस्ट लांबणार आहे, आधीच सांगते. लेक आठ वर्षांची आहे, आम्ही सिंहगड रोडला नदीच्या बाजूला राहतो. २५ जुलै २०२४ ला पहाटे आमच्या पार्किंगमध्ये पाणी शिरलं, तेव्हा तिला झोपेतून उचलून वरच्या मजल्यावरच्या काकूंकडे नेलं होतं आणि तिची छोटी सायकल पाण्यावर तरंगत गेटकडे जाताना तिने जिन्यातून पाहिली. तेव्हापासून रात्री जोराचा पाऊस आला की ही उठून बाल्कनीत जाऊन नदी बघते.

आता गेल्या आठवड्यात आतेभावाने तिला मोबाईलवर फिलिपिन्सच्या टायफूनचा व्हिडिओ दाखवला, घरंच्या घरं वाहून जातायत असा. तेव्हापासून रोज एकच, आई हे पुण्यात येणार का, हे बनतं कसं, ते गोल का फिरतं. मी "नाही गं येत इकडे" म्हणून टाळलं तर ती म्हणाली तू मागच्या वेळी पण म्हणाली होतीस पाणी नाही येणार. त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. म्हणून ठरवलंय की आता खरं खरं सांगायचं, पण तिला समजेल असं. मी कॉमर्सची, मला स्वतःलाच नीट माहीत नाही. कुणी सोप्या भाषेत सांगाल का?

वेधशाळेतला
ताई, मी हवामान खात्यात होतो, शिवाजीनगरच्या सिमला ऑफिसात बरीच वर्षं काढली. नातवंडांना सांगितलंय तसंच सांगतो.

पहिलं म्हणजे टायफून, हरिकेन आणि आपलं चक्रीवादळ हे तिन्ही एकच. समुद्र बदलला की नाव बदलतं. जपान, फिलिपिन्स, तैवान, चीनच्या बाजूला टायफून, अमेरिकेकडे अटलांटिकमध्ये हरिकेन, आपल्याकडे चक्रीवादळ. आणि टायफून शब्द परका वाटत असेल तर आपला तुफान शब्द त्याच्याच नात्यातला आहे.

आता माठ. घरात माठ असेल तर लेकीला त्याच्यावर हात ठेवायला सांगा. पाणी गार का होतं? माठ पाझरतो, बाहेर आलेल्या पाण्याची वाफ होते, आणि वाफ जाताना माठातली उष्णता बरोबर घेऊन जाते. वाफ कधी रिकाम्या हाताने जात नाही, एवढं एक वाक्य तिच्या डोक्यात बसलं पाहिजे. मग पुढचा प्रश्न विचारा, हीच वाफ वर आभाळात जाऊन परत पाण्याचे थेंब झाली तर? तर नेलेली सगळी उष्णता तिला तिथे परत टाकावी लागते. चक्रीवादळ म्हणजे उलटा माठ. खाली समुद्र उष्णता देतो, वर ढगात ती मोकळी होते.

समुद्राचं पाणी साधारण २६.५ अंशांच्या वर तापलेलं लागतं, आणि नुसतं वरवर तापून चालत नाही, चांगलं पन्नासेक मीटर खोलपर्यंत, नाहीतर वादळ पाणी ढवळून खालचं गार पाणी वर आणतं आणि स्वतःचीच चूल विझवतं. वर मोकळ्या झालेल्या उष्णतेने तिथली हवा गरम होते, गरम हवा आणखी वर जाते, खाली हवा कमी पडते म्हणजेच दाब कमी होतो, मग चारी बाजूंनी वारे आत धावतात, ते येताना समुद्रावरून आणखी वाफ घेऊन येतात, ती वाफ परत वर जाते, परत उष्णता. असं ते चक्र सुरू झालं की दिवसेंदिवस वाढत राहतं. एवढंच आहे इंजिन. गोल का फिरतं ते जेवून लिहितो.

पाचवी_ब
काका, उलटा माठ फारच छान, मी उद्याच वर्गात वापरणार! मी शिक्षिका आहे. गोल फिरण्याचं मी असं करून घेते. बागेत मुलं बसून फिरवतात ती चक्री असते ना, त्यावर समोरासमोर दोन मुलं बसवायची, चक्री हळू फिरवायची आणि एकाने दुसऱ्याकडे चेंडू सरळ टाकायचा. चेंडू कधीच पोचत नाही, बाजूला जातो. बाहेर उभ्या मुलांना चेंडू सरळ गेलेला दिसतो आणि आत बसलेल्यांना वळलेला दिसतो, आणि मग जी काय भांडाभांडी होते! तेव्हा सांगायचं की आपण सगळे कायम अशा चक्रीवरच बसलोय, पृथ्वीवर.

वेधशाळेतला
बाई, यापेक्षा चांगलं मला सांगता आलं नसतं. त्यात एवढंच घालतो. वारा मध्याकडे सरळ धावायला जातो, पण पृथ्वी फिरतेय म्हणून आपल्या उत्तर गोलार्धात तो उजवीकडे वळतो. सगळ्या बाजूंचे वारे असे थोडे थोडे उजवीकडे चुकले की मध्याभोवती घड्याळाच्या उलट दिशेने फेर धरतात. दक्षिण गोलार्धात घड्याळाच्या दिशेने. विषुववृत्ताच्या अगदी जवळ, पाचेक अंशांच्या आत, हा वळवण्याचा जोर इतका कमी असतो की तिथे समुद्र कितीही गरम असला तरी वादळं सहसा बनत नाहीत.

आणखी एक. वादळ उभं राहायला ते खालपासून वरपर्यंत एका रेषेत लागतं. वरचा वारा एका दिशेला आणि खालचा दुसऱ्या दिशेला जोरात असेल तर भाकऱ्यांची चवड सरकते तसं ते सरकून पडतं. भर पावसाळ्यात अरबी समुद्रावर असंच होतं, म्हणून आपल्याकडची मोठी वादळं मान्सूनच्या आधी एप्रिल ते जूनची सुरुवात आणि नंतर ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये येतात. पॅसिफिकला मात्र गरम पाण्याचा पसारा एवढा मोठा की वादळाला वाढायला हजारो किलोमीटर मोकळं रान मिळतं. १९७९ च्या ऑक्टोबरमधला टिप नावाचा टायफून, त्याच्या मध्यावरचा हवेचा दाब ८७० हेक्टोपास्कलपर्यंत (हे दाब मोजायचं एकक) उतरला होता. समुद्रसपाटीला एरवी १०१३ च्या आसपास असतो. इतका कमी दाब आजवर दुसऱ्या कुठल्या चक्रीवादळात मोजला गेलेला नाही. आणि पसारा दोन हजार किलोमीटरच्या वर.

धायरीफाटा
म्हणजे बेसिनमधलं पाणी भोवरा करत जातं ते पण याच्यामुळेच ना? शाळेत तसंच शिकवलेलं आठवतंय.

वेधशाळेतला
नाही हो. पृथ्वीच्या फिरण्याचा परिणाम शेकडो किलोमीटरच्या पसाऱ्यावर जाणवतो. बेसिन एवढंसं, त्यात पाणी कुठून पडलं, भांड्याचा उतार कसा, यावरच ठरतं. एकाच बेसिनमध्ये दोन्हीकडून फिरवून दाखवता येतं. मुलांना हे नका सांगू, पुढे पुसायला फार त्रास होतो.

मुठाकाठची
काका, ताई, खूप खूप धन्यवाद. माठावर हात ठेवून झालाय, दोन दिवस घरात सगळ्यांना "वाफ रिकाम्या हाताने जात नाही" चाललंय. आता तिचा प्रश्न, वादळाच्या मधे भोक का असतं?

वेधशाळेतला
त्याला डोळा म्हणतात. वारा आत आत येताना वेग इतका वाढतो की एका ठिकाणी त्याला आणखी आत शिरताच येत नाही, तिथेच गरगर फिरत वर चढतो. ती ढगांची भिंत. सगळ्यात भयानक वारा आणि पाऊस त्या भिंतीत असतो. वर गेलेली हवा बहुतेक बाहेर पसरते, थोडी मात्र मधल्या भागात खाली उतरते, उतरताना तापते, कोरडी होते, म्हणून तिथे ढग विरतात. डोळा साधारण ३० ते ६० किलोमीटर रुंद असतो, आत वारा पडलेला, कधी कधी निळं आभाळसुद्धा दिसतं. आणि हे मात्र नक्की सांगा, डोळा आला की लोकांना वाटतं वादळ गेलं, बाहेर पडतात. मग मागची भिंत येते आणि वारा एकदम उलट दिशेने सुरू होतो.

कावासाकी_ते_कोथरूड
वाचतोय आणि अंगावर काटा येतोय. मी ऑक्टोबर २०१९ ला जपानमध्ये कावासाकीला होतो, हागिबिस आला तेव्हा. दोन दिवस आधीपासून सांगत होते, ट्रेन कधीपासून बंद होणार ते आधीच जाहीर, दुकानं बंद, शेजारच्या आजींनी दार वाजवून सांगितलं की बाथटबमध्ये पाणी भरून ठेवा. मला वाटत होतं भीती वाऱ्याची आहे. काचांना टेप लावत बसलो होतो. खरं संकट पाण्याचं होतं. हाकोने नावाच्या डोंगरातल्या गावी एका दिवसात ९२२ मिलिमीटर पाऊस पडला. आपल्या शिवाजीनगरला अख्ख्या वर्षात सातशेच्या आसपास पडतो, म्हणजे आपल्या वर्षभराहून जास्त पाऊस एका दिवसात.

आमच्या जवळच्या तामा नदीचं पाणी भागात शिरलं आणि एका उंच टॉवरच्या तळघरातली विजेची यंत्रणा पाण्यात गेली, वरच्या मजल्यांवर घरं कोरडी ठणठणीत पण लिफ्ट नाही, पाणी नाही, कित्येक दिवस. नागानोला नदीचा बांध फुटून बुलेट ट्रेनच्या दहा गाड्या यार्डात उभ्या उभ्या बुडाल्या, तो फोटो सगळ्यांनी पाहिला असेल.

लेकीला एक छान गोष्ट सांगा. टोकियोच्या उत्तरेला कासुकाबे इथे जमिनीखाली पुराच्या पाण्यासाठी प्रचंड मोठा हौद बांधलाय, ५९ खांब आहेत, एकेक खांब १८ मीटर उंच. छोट्या नद्या भरल्या की पाणी मोठ्या विहिरींतून खाली जातं, बोगद्यातून या हौदात येतं आणि पंपाने मोठ्या नदीत सोडतात. मी बघून आलोय, देवळाच्या सभामंडपात उभं राहिल्यासारखं वाटतं.

पाचवी_ब
मिलिमीटर मुलांना कळत नाही हो, तिथे मी लिटर आणते. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर. एक फरशी एक मीटर बाय एक मीटर आखायची, त्यावर एक लिटर पाणी, हा झाला एक मिलिमीटर. मग हाकोनेचे ९२२ लिटर त्याच एका चौकोनात! सोसायटी एक एकरात असेल म्हणजे साधारण चार हजार चौरस मीटर, तर ३६-३७ लाख लिटर होतात, दहा हजार लिटरचे साडेतीनशेच्या वर टँकर. पुण्यातल्या मुलांना टँकर बरोबर कळतो.

पोफळीची_वाडी
मी मूळचा श्रीवर्धनचा, आता वारज्यात. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं तेव्हा लॉकडाऊनमुळे गावीच अडकलो होतो. सकाळपासून वारा, दुपारी त्याचा आवाज असा की शेजारच्या खोलीतलं बोलणं ऐकू येईना. कौलं पानांसारखी उडाली. संध्याकाळी वाडीत गेलो तर पोफळी एकावर एक आडव्या, आजोबांनी लावलेल्या. वडील नुसते उभे राहिले, बोललेच नाहीत. आंबा, माड, सुपारी, तीन पिढ्यांचं एका दुपारी गेलं, आणि पोफळ परत धरायला वर्षं लागतात. तेच वादळ पुढे घाट चढून पुण्याच्या बाजूला आलं, पुण्यातही झाडं पडली, मावळात पॉलीहाऊसचं नुकसान झालं. तेव्हा ताई, पुण्यात अजिबात येत नाही असं सांगू नका. पण दमून येतं हेही सांगा.

मला सांगायचंय ते समुद्राच्या पाण्याबद्दल. आम्ही त्याला उधाण म्हणतो, पण वादळाचं उधाण नेहमीच्या अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणापेक्षा वेगळं. वारा पाण्याला ढकलत ढकलत किनाऱ्याकडे आणतो, किनारा उथळ असला की पाण्याला खाली जायला जागा नाही मग ते वर चढतं आणि थेट गावात येतं. ही एक लाट नसते, समुद्रच उंच होऊन आत येतो. त्यातच भरतीची वेळ जुळली तर विचारू नका.

फिलिपिन्सला नोव्हेंबर २०१३ मध्ये हैयान आला, वारा ताशी ३०० किलोमीटरच्या वर. तॅक्लोबान शहर खाडीच्या टोकाला, नरसाळ्यासारखी जागा, पाणी सगळं तिकडेच कोंबलं गेलं, पाच-सहा मीटर उंच. सहा हजारांहून जास्त माणसं गेली. आणि सूचना दिली होती हो! पण ती इंग्रजी शब्दात, स्टॉर्म सर्ज. लोकांना तो शब्दच कळला नाही. वारा सोसायची सवय होती म्हणून घरात थांबले. नंतर कितीतरी जण म्हणाले की त्सुनामीसारखं पाणी येणार असं सांगितलं असतं तर आम्ही पळालो असतो. एका शब्दापायी. म्हणून मला वाटतं तुम्ही लेकीला तिच्या शब्दात सांगताय हे फार मोठं काम करताय.

वेधशाळेतला
पोफळीची वाडी, तुमचं वाचून थांबलो थोडा वेळ. शब्दाचं अगदी खरं आहे. इशारा लिहिणाऱ्याने तो ऐकणाऱ्याच्या कानाने लिहायला हवा, हे मी नोकरीत फार उशिरा शिकलो.

उधाणाला एक छोटी भर. दाब कमी झाला की समुद्र थोडा फुगतोही, एक हेक्टोपास्कलला साधारण एक सेंटिमीटर. म्हणजे शंभर हेक्टोपास्कल उतरले तर एक मीटर. बाकीचं सगळं ढकलण्याचं काम वाऱ्याचं. घरी परातीत बोटभर पाणी घेऊन एका बाजूने जोरात फुंकर मारा, पाणी पलीकडच्या काठाला चढतं. पलीकडे वाळूचा उतार करून त्यावर काडेपेटीची घरं ठेवा.

आणि पुराचा तिसरा प्रकार राहिला. वरून पावसाने भरलेली नदी समुद्राला मिळायला जाते तर समुद्र उधाणाने आधीच वर आलेला, नदीचं पाणी घेतच नाही. मग ती मागे फुगते. किनाऱ्यावरची शहरं अशी दोन्हीकडून सापडतात.

नारायणपेठ_६१
आमच्या घरी जिन्याच्या भिंतीवर १२ जुलै १९६१ च्या पाण्याची खूण होती, वाडा पाडेपर्यंत. पानशेत धरण फुटलं तेव्हा आई बारा वर्षांची होती. म्हणून हे लिहितो. जमिनीवर आलं की वादळ मरतं असं सगळे सांगतात, ते खरं आहे कारण खाली गरम समुद्र नाही, पण वाऱ्याचा जोर गेला तरी वर धरलेलं पाणी कुठे जाणार? १९७५ च्या ऑगस्टमध्ये नीना नावाचा टायफून चीनमध्ये आत शिरला, वारा ओसरला आणि तो हेनान प्रांतावर अडकून बसला. एका दिवसात हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. बानचियाओ धरण फुटलं, त्याच्यासोबत डझनांनी लहानमोठी धरणं गेली, हजारो माणसं गेली. तैवानला २००९ मध्ये मोराकोट असाच रेंगाळला, डोंगर खचून शियाओलिन गाव गाडलं गेलं. वाऱ्यापेक्षा रेंगाळणारा पाऊस वाईट.

धायरीफाटा
माफ करा पण हे आठ वर्षांच्या मुलीला सांगायचं? ती आधीच रात्री उठते. धरण फुटलं वगैरे नका सांगू प्लीज. माझा मुलगा असा घाबरून आठवडाभर झोपला नव्हता.

नारायणपेठ_६१
तुमची काळजी पटते. हे मी ताईंसाठी लिहिलंय, त्यांनी गाळून सांगावं. फक्त माझा अनुभव असा की आईने आम्हाला पानशेत लहानपणीच सांगितलं होतं, आणि त्यात पाणी जेवढं होतं तेवढंच शेजाऱ्यांनी गच्चीवर ओढून घेतलं, कुणी भाकऱ्या आणून दिल्या, कुणाच्या घरी महिनाभर राहिले हेही होतं. त्यामुळे आम्हाला भीती नाही वाटली, नदीकडे लक्ष ठेवायची सवय लागली.

वेधशाळेतला
मला वाटतं भीती आणि उपाय एकाच दमात सांगावेत. १९९९ च्या ऑक्टोबरमध्ये ओडिशाला महाचक्रीवादळ आलं, दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. मी तेव्हा नोकरीत होतो, ते दिवस विसरणार नाही. त्याच ओडिशात मे २०१९ ला फणी आलं, तेही अतितीव्र. या वेळी आधी दहा लाखांहून जास्त लोकांना हलवलं, गावोगावी पक्के निवारे बांधलेले होते. मृत्यू शंभराच्या आत राहिले. समुद्र तोच, वारा तसाच. लेकीला हे दोन आकडे शेजारी शेजारी लिहून दाखवा.

आणि पुण्याचं स्पष्ट सांगा. समुद्र आपल्यापासून सरळ रेषेत शंभरेक किलोमीटर लांब, मध्ये सह्याद्री, आणि पुणे साडेपाचशे मीटर उंचीवर. समुद्राचं उधाण पुण्यात येऊ शकत नाही. व्हिडिओतलं पाणी ते होतं. पाऊस मात्र येऊ शकतो, आणि आपल्याला पूर येतो तो नदीचा, धरणातल्या विसर्गाचा आणि ओढ्यांचा. २५ सप्टेंबर २०१९ ला आंबिल ओढ्याला रात्रीत पूर आला, वीसेक माणसं गेली, त्यात कुठलंही चक्रीवादळ नव्हतं. काही तासांचा जोरदार पाऊस आणि पाण्याला जायला उरलेली अरुंद वाट, एवढंच पुरलं.

मुठाकाठची
सगळ्यांचे मनापासून आभार. काल रविवारी दोघी बसलो. परातीत फुंकर मारली, काडेपेटीची घरं बुडाली, मग तिने स्वतःच एक घर उतारावर वर सरकवलं आणि परत फुंकर मारायला लावली. १९९९ आणि २०१९ वहीत लिहून झालं. धरण फुटल्याचं अजून सांगितलं नाही, पण पानशेतची शेजाऱ्यांची गोष्ट सांगितली, आणि आम्हालाही त्या पहाटे वरच्या काकूंनीच घरात घेतलं होतं तर ती म्हणाली "सेम आपल्यासारखं".

मग विचारलं तिने, आपल्याकडे आता काय करायचं. आम्ही ठरवलं की धरणातून किती क्युसेक (सेकंदाला किती घनफूट पाणी) सोडलं त्याचा मेसेज आला की ती तो मोठ्याने वाचणार, सायकल पावसाळाभर वरच्या जिन्यात राहणार, आणि कागदपत्रांची पिशवी माळ्यावर. रात्री पाऊस होता. उठली, बाल्कनीत गेली, बघून आली आणि म्हणाली आई भिडे पुलाचं (नदी चढली की आधी पाण्याखाली जातो तो) नाव आलं नाहीये अजून बातमीत, झोप. आणि झोपली.

आता तिला पाऊस मोजायचाय. सरबताची बाटली कापून गॅलरीच्या कठड्यावर ठेवलीये. काका, बरोबर आहे का?

वेधशाळेतला
कठड्यावर नको, भिंतीमुळे पाऊस अडतो आणि पत्र्याचं पाणी उडून आत येतं. गच्चीवर उघड्या जागी, बाजूला टाकी नको. बाटली खालपासून वरपर्यंत सारख्या रुंदीची घ्या, निमुळती असेल तर मोजमाप चुकेल. तळाला खळगा असतो तिथपर्यंत थोडं पाणी भरून त्या रेषेपासून पट्टी चिकटवा. शेजारी दोन विटा लावा म्हणजे वाऱ्याने पडणार नाही. आणि रोज सकाळी साडेआठलाच मोजायचं, आमच्या खात्यात पावसाचा दिवस साडेआठला बदलतो. वहीत तारीख, मिलिमीटर आणि शेरा. शून्य असेल तर शून्य लिहायचं, रिकामं सोडायचं नाही.

मुठाकाठची
बाटली बदलली, विटा आणल्या. साडेआठला तिची शाळा सुरू झालेली असते, त्यामुळे मोजायचं काम आजीकडे दिलंय आणि आजीला पट्टीवरचे मिलिमीटर वाचायला ती स्वतः शिकवतेय. आजचा आकडा १४.